नांदेड सहा, लातूर पाच

लातूरला कुठल्याही विषयाबद्दल पहिला प्रश्न विचारतात तो, "किती मार्काला असतं?" आणि दुसरा, "पोर्शन कधी संपतो?" या दोन प्रश्नांवर इथं बंगले उभे राहिलेत, मेस चालतात, झेरॉक्सची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, आणि उभी हयात गणित शिकवून माझंही घर त्यांच्यावरच चाललं. लातूर पॅटर्न म्हणून जे महाराष्ट्रभर गाजलं त्यात गुपित काही नव्हतं. प्रकरण घोटायचं, पुन्हा घोटायचं, आणि सराव पेपर इतके सोडवायचे की परीक्षेत प्रश्न समोर आला की पोरानं त्याला 'या, बसा' म्हणावं. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचं नाव या पॅटर्नच्या घडणीत आदरानं घेतात. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरूही तेच झाले. लातूरनं नांदेडला कुलगुरू दिला, असं लातूरकर संधी मिळेल तिथं म्हणतो. नांदेडकर म्हणतो, दिला कशाचा, आम्ही नेला.

त्या बदल्यात नांदेडनं लातूरला काय दिलं, ते मी सांगतो. माझा भाचा.

इंजिनिअरिंग उरकलेलं. पुण्याच्या कंपन्या मुलाखतीत 'मॉडर्न जावास्क्रिप्ट' विचारतात, म्हणून ते ऑनलाइन कोर्स करून पक्कं करायचं. आणि नांदेडात राहिलं तर मित्र रोज संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर ओढून नेतात, म्हणून माझ्या बहिणीनं त्याला इकडं धाडला. "मामाच्या नजरेखाली राहील." नजर ठेवायला माझी ना नव्हती. पण ज्या विषयाचा पेपर कोण काढतो हेच माहीत नाही, त्यात नजर ठेवायची कशावर? तेव्हा मीही कोर्सला बसलो. पासवर्ड एक, विद्यार्थी दोन.

गल्लीतल्या अभ्यासिकेत त्यानं सीट घेतली. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर आधीच्या भिडूनं बॉलपेननं कोरलेलं ध्येय: '७२० पैकी ७२०', 'एम्स दिल्ली', 'पीएसआय होणारच', आणि एका ठिकाणी नुसतंच 'आई'. एका बाजूला नीटवाले, दुसऱ्या बाजूला एमपीएससीवाले, मधोमध हा. शेजारच्या नीटवाल्या पोरानं दोन दिवस तिरक्या नजरेनं स्क्रीन पाहिली आणि शेवटी न राहवून विचारलं, "दादा, हे क्लोजर किती मार्काला असतं?"

"मार्काला नसतं. इंटरव्ह्यूत विचारतात."

"मग आयएमपी आहे की," असं म्हणून त्यानं आपला पिवळा हायलाइटर पुढं केला.

कोर्सची मूळ किंमत तीन हजारांच्या वर, पण 'फक्त आज' ४४९. हा 'आज' मी महिनाभर बघतोय, मावळायचं नाव नाही. व्हिडिओतले मास्तर इंग्रजीत सुरू होतात, अडलं की हिंदीत उतरतात, आणि कुठूनही कुठंही जाताना 'सो गाईज' म्हणून जातात. भाचा त्यांना दुप्पट वेगानं ऐकतो. मला आधी वाटलं, डोक्यात काय शिरणार? मग लक्षात आलं की लातूरचे फिजिक्सचे मास्तर एप्रिलमध्ये याच वेगानं बोलतात आणि तेही जिवंत. मी पाऊण वेगानं ऐकायचा प्रयत्न केला. त्या वेगाला मास्तर शुद्धीवर वाटत नाहीत.

पण अडचण मास्तरांची नाही, पोर्शनची आहे. जिनिव्हात एक्मा नावाची संस्था आहे, ती या भाषेचं प्रमाणपुस्तक काढते. पहिली आवृत्ती १९९७ ची, पाचवी २००९ ची. चौथी? चौथी निघालीच नाही. समितीत इतकी भांडणं झाली की २००८ साली चौथीचा नाद सोडला आणि पुढचीला थेट पाचवी म्हटलं. चौथी न करता पाचवीत गेलेलं पोरगं आमच्या काळीही असायचं, पण त्याला पाटलाच्या घरात जन्मावं लागे. सहावी आली २०१५ च्या जूनमध्ये, आणि तेव्हापासून दर जूनला नवी. मृग हुलकावणी देतो, अकरावीचे प्रवेश लांबतात, ही चुकत नाही. २०१५ ला लेट, कॉन्स्ट, बाणवाली ॲरो फंक्शनं, प्रॉमिस, क्लास. २०१७ ला असिंक आणि अवेट. २०२० ला प्रश्नचिन्हापुढं टिंब देऊन 'असलं तर दे, नसलं तर गप्प बस' म्हणायची सोय. आमच्या धंद्यात अभ्यासक्रम बदलला की जुनी गाईडं रद्दीत जातात, किलोवर भाव ठरतो, विषय संपतो. इथं नवं येतं आणि जुनं जात नाही. १९९५ चं व्हार आजही खुर्चीवर बसलेलं आहे, कारण ते उठवलं तर जगभरातली जुनी पानं बंद पडतील. २०१८ साली यादीतल्या याद्या सपाट करणाऱ्या सोयीला 'फ्लॅटन' नाव द्यायचं चाललं होतं. त्या नावाचं काहीतरी एका जुन्या लायब्ररीनं आधीच करून ठेवलेलं, नव्या नावानं जुनी साईट मोडली, आणि मग कुणीतरी गमतीनं 'स्मूश' हे नाव सुचवलं. त्यावर जगभरचे लोक भांडले. शेवटी 'फ्लॅट' ठेवलं. वाचताना मला फार बरं वाटलं. नावावरून भांडायला माणूस मराठवाड्यातच असावा लागतो असं नाही.

बरं, हे सगळं सुरू कसं झालं? ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थानं नेटस्केप कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात ही भाषा दहा दिवसांत उभी केली. मे महिना, दहा दिवस. लातूरात याला क्रॅश कोर्स म्हणतात, आणि क्रॅश कोर्समध्ये जे राहून जातं ते इथंही राहिलं. 'नल' म्हणजे काहीही नाही. पण 'टायपऑफ नल' असं विचारलं तर भाषा ठामपणे सांगते, 'ऑब्जेक्ट'. वस्तू आहे. ही चूक आहे हे सगळ्यांना मान्य, पण सुधारली तर जुनं मोडेल म्हणून तशीच ठेवलेली. मास्तर यावर पोट धरून हसले. २०१६ चा दुष्काळी उन्हाळा लातूरात काढलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. नळ ही वस्तू होती. आत काहीही नव्हतं.

गणिताच्या माणसाला मात्र ही भाषा मुद्दाम डिवचते. अवतरणात पाच लिहून त्यात तीन मिळवा, उत्तर त्रेपन्न. त्याच अवतरणातल्या पाचातून तीन वजा करा, उत्तर दोन. अधिक म्हटलं की चिकटवते, वजा म्हटलं की हिशोबाला बसते. ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा: ०.३, पुढं पंधरा शून्यं, मग एक चार. (ही खोड एकट्या हिची नाही, आकडे दोनाच्या पाढ्यात साठवणाऱ्या बहुतेक भाषांची आहे, पण निगेटिव्ह मार्किंग असतं तर हिचा एक मार्क मी नक्की कापला असता.) आणि 'नॉट अ नंबर' म्हणजे 'हा आकडाच नाही', त्याचा प्रकार विचारला तर उत्तर येतं, 'नंबर'. भाचा म्हणाला, "मामा, असंच पाठ करा." हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो. ऐकायला कसं लागतं ते आत्ता कळलं.

मग एका रात्री त्याचा आवाज आला, "मामा, इकडं या तर."

स्क्रीनवर मराठी होती. म्हणजे कोर्सची भाषांतरं असतात तसली नव्हे, कोडच मराठी. कॉन्स्ट लिहून पुढं 'पाणी' असं नाव, बरोबर शून्य. चाललं! जावास्क्रिप्टमधल्या चलाला देवनागरी नाव चालतं. युनिकोडमधली बहुतेक सगळी अक्षरं चालतात. आम्ही दोघांनी मग हौस भागवून घेतली: पाऊस, सोयाबीन, तूरडाळ, भाव. मी म्हटलं, आता आकडाही मराठीत घाल. त्यानं मराठी ५ घातला, आणि भाषा फणकारली: सिंटॅक्स एरर. मराठी '१२' अवतरणात घालून त्याचा आकडा कर म्हटलं, तर 'नॉट अ नंबर'. नाव मराठी चालतं, हिशोब मराठी चालत नाही. पुढची गंमत त्यानंच दाखवली: बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हा इंग्रजी आकडा देऊन 'मराठी पद्धतीनं लिही' म्हटलं की हीच भाषा १२,३४,५६७ असं लिहून देते, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसकट. आणि लिहिलेलं परत वाच म्हटलं की पुन्हा 'नॉट अ नंबर'. स्वतःचंच अक्षर स्वतःला लागत नाही. असे विद्यार्थी मला होते. सगळे डॉक्टर झाले.

इथवर घरात शांतता होती. मग त्यानं अवतरणात 'नांदेड' लिहून पुढं लेंग्थ विचारली. उत्तर ६. 'लातूर' लिहून विचारली. उत्तर ५.

"मामा," तो खुर्ची मागं रेलवत म्हणाला, "आता मशीनच म्हणू लालंय."

मी चष्मा पुसून मोजलं. दोन्ही गावं तीन-तीन अक्षरांची, पहिलीतलं पोरगं सांगेल. पण या भाषेला काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे दिसतात. न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड: झाले सहा. ल, काना, त, ऊकार, र: पाचच. नांदेड मोठं ठरलं ते एका अनुस्वारावर! एवढ्यावर थांबला असता तर नांदेडचा कसला. त्यानं दोन्ही नावांची यादी केली आणि सॉर्ट मारलं. नांदेड वर, लातूर खाली. मी म्हटलं, वर्णमालेत न आधी येतो, ल नंतर. त्यात नांदेडचं कर्तृत्व काय? "कर्तृत्व कुणी म्हणलंय, मामा? क्रम म्हणलंय."

दुसऱ्या दिवशी मी पुढचे धडे बघून आलो. २०२३ च्या आवृत्तीत 'टू-रिव्हर्स्ड' नावाची सोय आली आहे. जुनं 'रिव्हर्स' मूळ यादीच उलटी करून टाकायचं, त्यावरून पुष्कळ लोकांचे प्रोग्रॅम बिघडले. नवं मूळ यादीला हात लावत नाही. तुम्हाला हवी तशी वेगळी प्रत काढून देतं. मी प्रत काढली. माझ्या प्रतीत लातूर वर, त्याच्या प्रतीत नांदेड वर, मूळ यादी जागेवर. दोन जिल्ह्यांच्या पेपरांच्या आवृत्त्या वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत, त्यांना २०२३ ची वाट बघावी लागली नाही.

लांबीचा प्रश्न राहिला होता. त्यावरही उपाय सापडला: इंटल-सेगमेंटर. हा माणसासारखा वाचतो. नां, दे, ड. ला, तू, र. तीन-तीन, बरोबरी. मी ते त्याला दाखवलं, आणि त्याचा चेहरा बघून कळलं की त्याला हे आधीपासून ठाऊक होतं, तो धडा त्यानं सोयीस्करपणे पुढं ढकलला होता. क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "हौ, पण हे मूळ भाषेत येत नाही. भाषेचं पुस्तक एक्मा २६२. सेगमेंटर एक्मा ४०२ मध्ये येतं. ते वेगळं पुस्तक आहे." खरं होतं. मुद्द्यात हरला की अधिकारक्षेत्र काढायचं, हे त्याला कोर्सनं शिकवलेलं नाही. ते रक्तात आहे. मराठवाड्याचं दुसरं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९ पासून आम्ही दोन्ही गावं जोपासतोय. मोर्चे झाले, बंद झाले, कोर्टकचेरी झाली.

तेव्हा प्रॉमिस हा धडा आला त्या दिवशी आम्हा दोघांनाही मास्तरांची गरज पडली नाही. प्रॉमिसच्या तीन अवस्था असतात: पेंडिंग, फुलफिल्ड, रिजेक्टेड. एकदा पुरं झालं किंवा नाकारलं की नंतर फिरवता येत नाही. हा भाग ऐकून मी व्हिडिओ थांबवला आणि दोनदा ऐकला, कारण असं प्रॉमिस या भागात कुणी दिल्याचं आठवत नव्हतं. मग आलं प्रॉमिस-रेस. दोन प्रॉमिसं शर्यतीला लावायची, जे आधी निकाली निघेल त्याचा निकाल खरा. मास्तरांनी पिझ्झाच्या दोन दुकानांचं उदाहरण दिलं. भाच्यानं पिझ्झा खोडून एकीकडं नांदेड आयुक्तालय, दुसरीकडं लातूर आयुक्तालय असं लिहिलं आणि चालवलं. दोन्ही पेंडिंग. दोन्ही पेंडिंग असली की शर्यतही पेंडिंगच राहते. एरर येत नाही, इशारा येत नाही, काहीच येत नाही. नुसतं बसून राहायचं. "कोड बरोबर आहे," भाचा म्हणाला.

इव्हेंट लूपवर मात्र गाडं अडलं. मास्तर कॅफेत गेले, कॅपुचिनो मागवली, काउंटरवरून बाजूला झाले, नाव पुकारल्यावर परत आले. भाच्याला कळेना. मला राहवेना. वही ओढली आणि २०१६ काढलं. मांजरा धरण कोरडं, टँकरची वाट. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावायची वेळ आलेली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून तीनशेवर किलोमीटर रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या दिवसांत शहाणा माणूस रांगेत उभा राहत नसे. तो घागर उभी करायचा. घागर लाईनीत ठेवायची, घरी जायचं, स्वयंपाक, शाळा, दुकान सगळं चालू द्यायचं. पाळी आली की शेजारची बाई हाक मारणार, मग पळत यायचं. ती हाक म्हणजे कॉलबॅक. तोटी एकच, म्हणजे जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करणार. 'थोड्या वेळानं कर' सांगणाऱ्या सेटटाइमआउटला शून्य मिलिसेकंद दिले तरी लगेच पाणी मिळत नाही, कारण शून्य म्हटलं तरी घागर लाईनीतच लागते. आणि प्रॉमिसवाल्यांची, म्हणजे मायक्रोटास्कची, लाईन वेगळी, छोटी, नगरसेवकाच्या ओळखीची: तोटीवरचं चालू काम संपलं की आधी ती पूर्ण रिकामी होणार, मग तुमचा सेटटाइमआउट. त्या छोट्या लाईनीत नव्या घागरी येतच राहिल्या, तर तुमची दिवसभर कोरडी. हे मी वशिल्याच्या रागानं बोलत नाहीये, नियमच तसा आहे.

एवढं सगळं मी आकृती काढून, तोटीसकट समजावलं. भाचा वहीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडं विष्णुपुरी धरण आहे. घागर लाईनीत लावायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

ज्याच्या गावातून गोदावरी वाहते त्याला असिंक्रोनस शिकवणं सोपं नाही. अभ्यासिकेतला शेजारचा नीटवाला लातूर जिल्ह्यातल्या औशाचा निघाला. त्याला एका दमात कळलं. शाळकरी वयात तो घागरींवर राखण बसायचा. कोण मधे घुसतं, कोण चिठ्ठी आणतं, सगळं पाठ. त्यानं जीवशास्त्र बाजूला सारून भाच्याला मायक्रोटास्कची लाईन समजावली, इतकी स्वच्छ की पलीकडचे एमपीएससीवाले 'शांतता राखा' या पाटीकडं बोट दाखवायचं सोडून ऐकायला लागले. शेवटी एकानं विचारलं, "राज्यसेवेला येतं का हे?"

कोर्स संपला. स्क्रीनवर शंभर टक्के, रंगीत कागदांचा पाऊस, सर्टिफिकेट. भाच्यानं त्याची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेशन केलं. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दाजींना, फोनवर फोटो गेला. दाजींनी नांदेडात कॉलनीभर पेढे वाटले. 'पोरगं शंभर टक्क्यानं निघालं' एवढंच सांगितलं, कशात ते कुणी विचारलं नाही. मीही निर्धास्त झालो. पोर्शन संपला म्हणजे संपला.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी कोर्समध्ये नव्या आवृत्तीचे धडे टाकले. भाच्यानं उघडून बघितलं तर पट्टी ९४ टक्क्यांवर येऊन उभी. नेमका तेव्हाच दाजींचा फोन. भाच्यानं स्पीकर लावला आणि मवाळ आवाजात सगळं सांगितलं: की भाषा वाढलीय, की धडे वाढलेत, की दर जूनला असंच होणार आहे.

पलीकडं दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग लोकाला सहा टक्क्याचे पेढे माघारी मागू म्हंतोस का काय?"